साखरखेर्ड्याची लढाई आणि मराठीचा विदा

बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात साखरखेर्डा नावाचं गाव आहे. सिंदखेडराजा म्हटलं की जिजाऊंचं जन्मस्थान हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. साखरखेर्डा मात्र इतिहासाची परीक्षा देणाऱ्यांनाच आठवतं. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे एक लढाई झाली. एका बाजूला दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत उतरलेला निजाम-उल-मुल्क, आणि दुसऱ्या बाजूला त्याला हुसकावून दख्खनची सुभेदारी घ्यायला निघालेला मुबारिझखान. बादशहा महंमदशहाची फूस अर्थातच मुबारिझखानाला होती. लढाईत मुबारिझखान मारला गेला, निजाम जिंकला, आणि विजयाची आठवण म्हणून त्यानं गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा असं ठेवलं. लोकांनी ते काही फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही. गाव आजही साखरखेर्डाच आहे. :)

पुस्तकात या लढाईचं महत्त्व एका ओळीत उरकतात. हैद्राबादच्या आसफजाही राज्याची खरी सुरुवात इथून झाली आणि ते राज्य १९४८ पर्यंत टिकलं, असं. ते बरोबरच आहे. पण मला आज या लढाईचा एक वेगळाच धागा पकडायचाय, आणि तो माझ्या धंद्याशी जुळलेला आहे. चॅटजीपीटीसारख्या यंत्रांना मराठी नीट यावं म्हणून सध्या विदा जमवण्याचं काम जोरात चालू आहे आणि त्यासाठी बरीच अनुदानं दिली जातायत. (विदा म्हणजे डेटा. जालावरच्या मराठीत रुळलेला शब्द आहे, मला आवडतो. ज्यांना खटकतो त्यांनी खुशाल डेटा वाचावं.) माझं म्हणणं असं की मराठीचा विदा सरकारी पैशानं जमवण्याचा हा पहिला प्रसंग नाही. गेली दोनशे वर्षं हे चालू आहे, आणि प्रत्येक वेळी पैसा जिथवर पोचला तिथवरचीच मराठी नोंदली गेली. साखरखेर्डा त्या रेषेच्या कधी अलीकडे होतं, तर कधी पलीकडे. म्हणून हे गाव नमुन्याला घेतलं.

आधी थोडं तांत्रिक. घाबरू नका, फार नाही. हल्लीच्या यंत्रांना भाषा शिकवायला ढोबळमानानं तीन गोष्टी लागतात. एक, वाचायला भरपूर मजकूर. दोन, माणसांचं बोलणं आणि शेजारी ते जसंच्या तसं लिहून काढलेलं. तीन, प्रश्न आणि त्यांची माणसांनी तपासलेली उत्तरं. पहिली गोष्ट महाजालावरून ओढून आणता येते. दुसरी आणि तिसरी फुकट मिळत नाही. तासाभराचं बोलणं अचूक लिहून काढायला माणसाला कित्येक तास लागतात, आणि त्या माणसाला पगार द्यावा लागतो. इंग्रजीसाठी हा खर्च बाजार उचलतो, कारण पुढे वसुली दिसते. मराठीसाठी कुणीतरी अनुदान द्यावं लागतं.

आणि सध्या पैसा येतोय, हे खरं. २०२२ साली केंद्र सरकारनं 'भाषिणी' सुरू केली. त्याच वर्षी नीलेकणी दांपत्यानं मद्रासच्या आयआयटीतल्या 'एआयफॉरभारत' या गटाला ३६ कोटी रुपये दिले. मार्च २०२४ मध्ये 'इंडियाएआय मिशन'ला मंजुरी मिळाली, रक्कम सुमारे १०,३७२ कोटी. (यातला मोठा भाग संगणकांवर, विद्यावर नव्हे.) मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकारानं चाललेल्या 'भारतजेन'ला २०२५ मध्ये ९८८ कोटी मंजूर झाले. आकडे वाचून छाती फुगते. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? म्हणून पोहऱ्याआधी आडाकडे बघू.

*

मराठीचा पहिला मोठा छापील शब्दसंग्रह महाराष्ट्रात झालाच नाही. तो झाला श्रीरामपूरला. म्हणजे बंगालमधल्या, आपल्याकडच्या नव्हे. विल्यम कॅरे या मिशनऱ्यानं १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मोडी टाइपात मराठी-इंग्रजी कोश काढला. त्याच्या हाताशी वैजनाथ नावाचे नागपूरकडचे पंडित होते. म्हणजे छापील मराठीच्या अगदी आरंभी विदर्भाची मराठी हजर होती. गंमत म्हणजे पुढे तीच मागे पडली.

कारण १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. पुणे, कोकण, खानदेश कंपनीच्या हाती आले, आणि मुंबई सरकारला आपल्या साहेबांना मराठी शिकवायची निकड भासू लागली. जेम्स मोल्सवर्थ या लष्करी अधिकाऱ्याच्या कोशाचा खर्च सरकारनं उचलला. त्याच्या मदतीला कँडी बंधू होते आणि पगारी शास्त्रीमंडळी होती. या शास्त्र्यांनी आधी 'महाराष्ट्र भाषेचा कोश' म्हणून मराठी-मराठी कोश केला, तो १८२९ मध्ये निघाला. त्यात जगन्नाथशास्त्री क्रमवंत होते, परशुरामपंत गोडबोले होते. मग १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आला आणि १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती, सुमारे साठ हजार शब्दांची. आजही महाजालावर मराठी शब्दाचा इंग्रजी अर्थ शोधायला गेलात तर फिरून फिरून याच कोशापाशी येता.

आजच्या भाषेत सांगायचं तर मोल्सवर्थ हा प्रकल्पप्रमुख, मुंबई सरकार हे अनुदान देणारं खातं, आणि शास्त्रीमंडळी म्हणजे विद्यावर खुणा करणारे लोक. शब्द ऐकायचा, तो शुद्ध की अशुद्ध, शिष्टांचा की गावंढळ, ते ठरवायचं आणि टिपायचं. काम त्यांनी अफाट केलं, याबद्दल दुमत नाही. पण त्यांचे कान पुण्याचे आणि कोकणचे होते, कारण पैसा मुंबई सरकारचा होता आणि सरकारला कारभार तिथेच करायचा होता.

मग तेव्हा साखरखेर्डा कुठे होतं? निजामाच्या राज्यात. १७२४ च्या विजयानंतर वऱ्हाड निजामाचं झालं. मध्ये नागपूरकर भोसल्यांचा वसुलीत वाटा होता, दुहेरी अंमल होता, पण १८०३ मध्ये अडगावच्या लढाईनंतर भोसल्यांचा तोही हक्क गेला आणि वऱ्हाड पूर्णपणे मोगलाईत जमा झालं. निजामाचा दरबारी कारभार फारसीत चाले. तिथल्या सरकारला मराठीच्या कोशावर पैसा घालायचं काही कारणच नव्हतं. तेव्हा ज्या वर्षी पुण्याकडचे शास्त्री शब्द टिपत बसले होते, त्या वर्षी साखरखेर्ड्याचा शेतकरी तितकंच मराठी बोलत होता, पण ते टिपायला कुणी येणार नव्हतं. यात कुणी दुष्टपणा केला असं नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, इतकं साधं आहे.

*

पुढचा अंक जास्त रंजक आहे. निजामाच्या पदरी हैद्राबाद कंटिंजंट नावाची फौज होती. तिचे अधिकारी इंग्रज, खर्च मात्र निजामाचा. तो खर्च थकत गेला, आणि १८५३ च्या तहानं कंपनीनं त्या थकबाकीपोटी वऱ्हाडचा कारभार आपल्याकडे घेतला. मालकी नावाला निजामाची, वहिवाट इंग्रजांची. १९०२ मध्ये त्याचा कायमचा भाडेपट्टा झाला, सालाना २५ लाख रुपये. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं.

आता याच सुमारास, १८९४ पासून, जॉर्ज ग्रियर्सन या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली हिंदुस्थान सरकारच्या खर्चानं भारतीय भाषांचं सर्वेक्षण चाललं होतं. ते पुरं व्हायला १९२८ उजाडलं. एकूण १७९ भाषा आणि ५४४ बोली मोजल्या गेल्या. मराठीचा खंड सातवा, तो १९०५ मध्ये निघाला. तयार केला स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडितानं. आणि त्यात वऱ्हाडी आहे, वऱ्हाड आणि मध्य प्रांताच्या मराठीला स्वतंत्र जागा देऊन!

यांची पद्धत बघण्यासारखी आहे. बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट घ्यायची, आणि प्रत्येक बोलीत ती सांगायला लावायची. शिवाय २४१ शब्दांची आणि वाक्यांची एक ठराविक यादी. एकच मजकूर शेकडो बोलींत, ओळीला ओळ जुळवून. आमच्या धंद्यात याला समांतर विदासंच म्हणतात आणि भाषांतराची यंत्रं शिकवायला आजही हाच प्रकार लागतो. संगणकाच्या किती आधी हे काम झालंय, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

दोष होतेच. नमुने गोळा करायचं काम जिल्ह्याच्या कचेऱ्यांमार्फत झालं. गोष्ट परकी, आणि ती भाषांतर करून लिहिलेली. बांधावर बसून दोघं बोलतात ती भाषा यात कशी येणार? पण नोंद झाली, हे महत्त्वाचं.

आणि आता खरी मेख. या सर्वेक्षणात मद्रास इलाखा नव्हता, आणि म्हैसूर व हैद्राबाद ही संस्थानंही नव्हती. म्हणजे मराठवाडा नाही! सिंदखेडराजा ओलांडलं की जालना जिल्हा लागतो. एकाच लग्नाच्या वऱ्हाडात दोन्हीकडची माणसं असायची, सोयरिकी दोन्हीकडे, बाजारहाट दोन्हीकडे. पण साखरखेर्डा वऱ्हाडात, म्हणून सर्वेक्षणाच्या रेषेच्या आत. जालना निजामाकडे, म्हणून बाहेर. दोन गावांच्या बोलीत काय फरक आहे हे कुणी तपासून ही रेषा आखली नव्हती. ती आखली होती १८५३ च्या थकबाकीनं. एका फौजेचा पगार थकला, म्हणून पन्नास वर्षांनी एका पट्ट्याची मराठी नोंदली गेली आणि शेजारची राहिली. विद्यातली भोकं अशी पडतात.

*

सरकारी पैशाशिवाय काही झालंच नाही असं मात्र समजू नका. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोश काढायला चक्क मर्यादित कंपनी काढली, तीही नागपुरात, आणि लोकांना शेअर विकले. केतकरांचं शिक्षण अमरावतीचं, म्हणजे माणूस वऱ्हाडातला. १९२० ते १९३० च्या दशकात ज्ञानकोशाचे २३ खंड निघाले. पाठोपाठ य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी 'महाराष्ट्र शब्दकोश' केला, १९३२ ते १९३८, सात विभाग. या कोशात शब्दापुढे प्रांताची खूण असते. (व.) म्हणजे वऱ्हाडी, (ना.) म्हणजे नागपुरी. कोकण, गोवा, खानदेश, सगळ्यांच्या खुणा आहेत.

ही खूण मला दुधारी वाटते. एकीकडे वऱ्हाडी शब्दाला पहिल्यांदा मराठीच्या मोठ्या कोशात हक्काची जागा मिळाली. दुसरीकडे, ज्याच्यापुढे खूण नाही तो आपोआप 'मराठी' आणि ज्याच्यापुढे आहे तो 'तिकडचा' शब्द. तरीही एक अभियंता म्हणून सांगतो, खूण असलेली बरी. कुठला शब्द कुठून आला हे लिहिलेलं असलं की नंतरच्या माणसाला दुरुस्ती करता येते. हल्लीच्या बऱ्याच विदासंचांत तेवढंही लिहिलेलं नसतं.

*

आता संगणकाच्या काळात येऊ. महाराष्ट्रात झालेला पहिला मोठा संगणकीय भाषासंग्रह कुठल्या भाषेचा असेल? इंग्रजीचा! कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली भारतीय इंग्रजीचा दहा लाख शब्दांचा संग्रह झाला, तो १९८० च्या दशकात पुरा झाला. जगभरचे भाषाशास्त्रज्ञ त्याला 'कोल्हापूर कॉर्पस' म्हणूनच ओळखतात. काम उत्तमच आहे, पण ऊस, गूळ आणि अस्सल रांगडी मराठी यांच्या गावाचं नाव इंग्रजीच्या विद्याला लागावं याची मजा वाटते.

मराठीची पाळी १९९१ च्या सुमारास आली. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्यानं भारतीय भाषांच्या तंत्रज्ञानासाठी योजना आखली आणि भाषा वेगवेगळ्या संस्थांना वाटून दिल्या. मराठी आणि गुजराती आल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे. उद्दिष्ट साधारण तीस लाख शब्दांचं. अट अशी की १९८१ ते १९९० मध्ये छापलेला मजकूर घ्यायचा. छापलेला! ही एक अट घातली की साखरखेर्ड्याची बोली आपोआप बाहेर, कारण ती छापली जातेच कुठे? वऱ्हाडी कवितेतून आणि कथा-कादंबऱ्यांतल्या संवादांतून जी काय डोकावेल तेवढीच.

पुढे २००९ पासून दिल्लीच्या जेएनयूच्या नेतृत्वाखाली भारतीय भाषांचे समांतर विदासंच करायचं काम झालं. मूळ वाक्यं हिंदी, विषय आरोग्य आणि पर्यटन, प्रत्येकी २५ हजार वाक्यं, आणि त्यांची इतर भाषांत भाषांतरं. आता विचार करा. यंत्र यातून जी मराठी शिकणार ती हिंदी वाक्याच्या साच्यातली. अमुक किल्ल्याला कसं जावं हे तिला उत्तम सांगता येईल. पण तुरीवर अळी पडलीय, हे तिला कोण शिकवणार? अनुदानाच्या कागदावर जो विषय लिहिला तेवढंच शिकवलं गेलं. ग्रियर्सनच्या काळी उधळा मुलगा होता, आता पर्यटक आला, इतकाच फरक.

काहींनी अनुदानाची वाट बघितली नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून स्वयंसेवकांच्या जिवावर उभा आहे. पुण्यात रवीराज जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली 'एलथ्रीक्यूब' या गटातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी २०२१-२२ मध्ये मराठीचे विदासंच करून सगळ्यांना खुले केले. त्यांचा 'महाकॉर्पस' जवळपास अडीच कोटी वाक्यांचा आहे. पोरांनी केलेलं हे काम बघून खरंच ऊर भरून येतो. पण त्यातही मोठा वाटा बातम्यांचा, कारण जालावर मराठी मजकूर जास्त करून बातम्यांचाच सापडतो. बातमीदार मूळचा वऱ्हाडातला असला तरी बातमी प्रमाण मराठीतच लिहितो.

*

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बुवा, बोली आणि प्रमाण हे भांडण जुनंच आहे. शाळेत प्रमाण मराठी शिकवतात, यंत्रालाही तेच शिकवू. बिघडलं काय?

बिघडतं ते असं. लिहिताना आपण सगळे प्रमाण मराठीकडे झुकतो, बोलताना झुकत नाही. आणि नवी यंत्रं बोलून वापरायची आहेत. महाराष्ट्र सरकारनं जून २०२५ मध्ये 'महाअ‍ॅग्री-एआय' धोरण मंजूर केलं, २०२५ ते २०२९ साठी. त्यात पहिल्या तीन वर्षांना ५०० कोटींची तरतूद आहे. शेतकऱ्यानं फोनवर मराठीत विचारावं आणि यंत्रानं सल्ला द्यावा, हा त्यातला एक मोठा भाग. कृषी खात्याचं 'महाविस्तार' हे ॲपही २०२५ मध्ये आलं. कल्पना चांगलीच आहे. पण विचारणारा वऱ्हाडी कास्तकार म्हणेल, 'काया मातीत पऱ्हाटी आहे, धुऱ्याकडची पिवळी पडून राह्यली, काऊन?'

आता प्रमाण मराठीवर पोसलेल्या यंत्राच्या जागी स्वतःला ठेवून बघा. वऱ्हाडीत ळ चा य होतो. काळी माती, काळ्या मातीत, हे त्याच्या तोंडी काया मातीत. प्रमाण मराठीत काया म्हणजे देह. धुरा म्हणजे वऱ्हाडात दोन वावरांमधला बांध. पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रात धुरा म्हणजे पक्षाची नाहीतर संघाची, जी कुणीतरी नेहमी खांद्यावर घेत असतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. 'पडून राह्यली' म्हणजे पडते आहे. यंत्र म्हणेल की देहाच्या मातीत काहीतरी आहे आणि नेतृत्वाकडची कुणीतरी पिवळी होऊन आडवी पडलीय! हसू येतं खरं, पण उत्तराच्या भरवशावर औषध फवारणारा माणूस हसणार नाही. मंडळी, यंत्र 'मला कळलं नाही' असं म्हणालं तरी चालेल एक वेळ. हल्लीची यंत्रं तसं म्हणत नाहीत. ती न कळलेल्या प्रश्नाचंही ठासून उत्तर देतात.

म्हणजे इथे प्रश्न बोलीच्या अभिमानाचा नाहीच. ज्याचं बोलणं विद्यात आहे त्याला सरकारी सल्ला घरबसल्या मिळणार, आणि ज्याचं नाही त्याला आपलीच भाषा सोडून दुसऱ्याच्या मराठीत बोलावं लागणार, तेही यंत्रापुढे.

*

सुदैवानं गेल्या काही वर्षांत अनुदानांची तऱ्हा बदलतेय. चार उदाहरणं देतो.

२०२० साली काही संशोधकांनी मराठी बोलण्याचा एक प्रयोग छापला. ग्रामीण गरीब, शहरी गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांतल्या ३६ जणांकडून १०९ तासांचं वाचन ध्वनिमुद्रित केलं. निष्कर्ष असा की गरीब लोकांनी दिलेल्या विद्याची प्रत विद्यार्थ्यांच्या तोडीची होती. त्यांना त्यातून चार पैसेही मिळाले. शास्त्रीमंडळींशिवाय हे काम होत नाही, या जुन्या समजुतीला हे उत्तर होतं.

दुसरं, बंगळूरच्या आयआयएससीचा 'रेस्पिन' प्रकल्प. गेट्स फाउंडेशनच्या अनुदानावर नऊ भाषांतलं, त्यात मराठीही, दहा हजारांहून जास्त तासांचं बोलणं जमवलं गेलं. विषय शेती आणि पैशाचे व्यवहार, आणि मुद्दाम बोलीभेद धरून. तिसरं, 'एआयफॉरभारत'चा 'इंडिकव्हॉइसेस', भाषिणीच्या पैशातून झालेला. २०२४ मध्ये जाहीर झाला तेव्हा १४५ जिल्ह्यांतल्या १६,२३७ माणसांचं ७,३४८ तासांचं बोलणं त्यात होतं. यात वाचून दाखवलेलं फक्त ९ टक्के, बाकी सगळं उत्स्फूर्त आणि गप्पा. हा फरक मोठा आहे. वाचताना माणूस शाळेतल्यासारखा वाचतो, बोलताना घरच्यासारखा बोलतो. चौथं, गूगलच्या पैशातून आयआयएससीत चाललेला 'वाणी'. यात आधी भाषा ठरवत नाहीत, जिल्हा ठरवतात. तिथल्या माणसाला चित्र दाखवायचं आणि त्याला जे बोलावंसं वाटेल ते बोलू द्यायचं.

शिवाय आपल्या घरचं एक काम सांगायलाच हवं. राज्य मराठी विकास संस्थेच्या म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या अनुदानातून डेक्कन कॉलेजनं प्रा. सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठीच्या बोलींचं नवं सर्वेक्षण केलं. गावोगाव जाऊन माणसांचे आवाज नोंदवले आणि ते जालावर खुले केले. ज्या संस्थेला १९९१ मध्ये छापील मजकूर जमवायला सांगितलं होतं, तीच आता बोललेला शब्द टिपायला निघाली. ग्रियर्सनच्या वेळी जो मराठवाडा राहून गेला होता त्याला राज्यभरच्या या कामात जागा मिळाली, याचं मला विशेष वाटतं. मध्ये एक शतक आणि वर काही वर्षं गेली.

*

मग पुढच्या अनुदानांनी काय करावं? मी काही भाषाशास्त्रज्ञ नाही. पण विद्याची हमाली रोज करतो, म्हणून चार गोष्टी सुचतात.

पहिली, बोललेलं जसंच्या तसं लिहा. 'मले' ऐकलं तर 'मला' असं सुधारून लिहू नका. प्रमाण रूप हवंच असेल तर शेजारच्या रकान्यात द्या. एकदा सुधारून टाकलेलं मूळ पुन्हा सापडत नाही.

दुसरी, विदासंचावर 'मराठी' एवढंच न लिहिता तालुका लिहा. दाते-कर्व्यांनी कागदावर (व.) लिहिलं, आपल्याला संगणकावर सिंदखेडराजा, मेहकर, जाफराबाद लिहायला काय हरकत आहे? सीमेवरच्या गावांची खरी गंमत अशी की ती वऱ्हाडी आणि मराठवाडी या दोन कप्प्यांत नीट बसत नाहीत. त्यांना कप्प्यात कोंबण्यापेक्षा गावाचा पत्ता दिलेला बरा.

तिसरी, शिकवायच्या विद्याबरोबर परीक्षेचा विदाही तालुकावार करा. नुसतं 'मराठीत ९० टक्के गुण' या वाक्याला अर्थ नाही. पुण्यात ९५ आणि वऱ्हाडात ७० असेल तरी सरासरी गोड दिसते. सरकारनं शेतकऱ्यांसाठी यंत्र विकत घेताना हे तालुकावार गुण मागितले, तर बाकीचं बरंचसं आपोआप घडेल.

चौथी, बोलणाऱ्याला त्याचं मोल द्या आणि त्याचा आवाज कुठे वापरला ते त्याला कळू द्या. मोल्सवर्थच्या शास्त्र्यांना पगार होता आणि त्यांची नावं आपल्याला आज माहीत आहेत. उधळ्या मुलाची गोष्ट वऱ्हाडीत ज्यानं सांगितली त्याचं नाव कुणाला ठाऊक आहे?

यावर एक आक्षेप येईल तो मान्य आहे. वऱ्हाडातल्याच कित्येक आईबापांना आपलं पोरगं प्रमाण मराठी आणि इंग्रजी बोलावं असं वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण पोरानं काय बोलावं ते घरानं ठरवावं, यंत्रानं नव्हे. यंत्राचं काम समोरचा जे बोलेल ते समजून घेणं.

आठ कोटींहून जास्त लोकांची भाषा आहे आपली, २०११ च्या जनगणनेप्रमाणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिला अभिजात दर्जाही मिळाला, योगायोग असा की साखरखेर्ड्याच्या लढाईला त्याच महिन्यात तीनशे वर्षं झाली. अभिजात दर्जाबरोबर अनुदान येतं आणि ते जुन्या ग्रंथांकडे जाणार हे उघड आहे. जाऊ दे, तेही हवंच. पण इथून पुढे 'मराठीच्या एआयसाठी अमुक कोटी' अशी बातमी वाचलीत, तर आकड्यावर खूश होण्याआधी दोन गोष्टी विचारा. तालुके कुठले घेतले? आणि बोलणारे कोण होते?

आणि ते होईपर्यंत, येत्या विकांताला गावी गेलात तर आजोबांना पेरणीची नाहीतर बाजाराची एखादी गोष्ट सांगायला लावा आणि फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. तारीख, गाव आणि तालुका तेवढा न विसरता लिहा. त्याला कुणाच्या अनुदानाची गरज नाही.